मदरबोर्डच्या खोक्यातील सुट्या वस्तूंचे काय करावे?

प्रश्न : मुलाच्या ॲनिमेशनच्या अभ्यासासाठी आम्ही आसुस कंपनीचा आरओजी क्रॉसहेअर एक्स६७०ई हीरो हा मदरबोर्ड घेतला आहे. खोक्यात साटा केबल, वाय-फाय अँटेना, एक वेगळे एम.२ कार्ड, ग्राफिक्स कार्डाचा आधार, पेनड्राइव्ह आणि स्टिकर निघाले. एएमडी कंपनीच्या रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसर अजून घ्यायचा आहे. यांतील काय लागेल? चंदेरी पिशवीवर बोर्ड ठेवून जोडणी करावी काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : या वस्तूंकडे वळण्याआधी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा, तपासा. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात, आणि त्यांतील एखादी वाकलेली निघाली तर तो दोष मूळचा की हाताळणीतला, हे नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते. म्हणून खरेदीच्या दिवशीच भरपूर उजेडात खटका सोडून चौकट उचला, पिनांना स्पर्श न करता पाहा, छायाचित्र घ्या आणि चौकट पुन्हा बंद करा. चौकटीवरचे काळे प्लॅस्टिकचे टोपण प्रोसेसर बसवताना आपोआप सुटते. ते जपून ठेवा. माझ्या मते खोक्यातील सर्वांत मोलाची सुटी वस्तू तीच आहे, कारण बोर्ड दुरुस्तीसाठी पाठवताना टोपणाविना पिना उघड्या पडतात.

चंदेरी पिशवी वाहतुकीपुरती आहे. तिचा बाहेरचा थर विजेचा वाहक असू शकतो, त्यामुळे तिच्यावर ठेवून बोर्ड कधीही चालू करू नये. खोक्याचा पुठ्ठा त्यासाठी अधिक सुरक्षित आहे.

एम.२ कार्डाविषयी, म्हणजे पट्टीसारखा छोटा एसएसडी ड्राइव्ह (माहिती साठवणारा भाग) बसवण्याच्या जादा कार्डाविषयी, मात्र घाई करू नका. बोर्डावरच चार एम.२ जागा आहेत. हे कार्ड दुसऱ्या मोठ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवले की पहिल्या स्लॉटमधील ग्राफिक्स कार्डाला सोळाऐवजी आठच लेन (माहिती वाहून नेणारे मार्ग) मिळतात. प्रत्यक्ष कामात हा फरक बहुधा थोडा असतो, तरी चार ड्राइव्ह भरेपर्यंत तो पत्करण्याचे कारण नाही. बोर्डावर ड्राइव्ह बसवताना हीटसिंकखालच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीखालच्या) थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म आठवणीने काढा. ती राहिली तर ड्राइव्हची उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोहोचत नाही.

अँटेना जोडाच, कारण तिच्याविना वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही क्षीण होतात. साटा केबल फक्त हार्ड डिस्क किंवा अडीच इंची एसएसडीसाठी लागतात. आधार जड, लांब कार्डालाच उपयोगी पडतो.

पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरील भाग विंडोजमध्ये चालवणारी सॉफ्टवेअर, असतात. विंडोज टाकताना नेटवर्कचा ड्रायव्हर सापडला नाही, तर इंटरनेटविना अडलेले काम याच पेनड्राइव्हने पुढे सरकते. ड्रायव्हरच्या ताज्या आवृत्त्या नंतर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्याव्यात.

रायझन ९००० मालिका २०२४ साली, म्हणजे या बोर्डानंतर आली. बोर्डात जुने बायोस (संगणक सुरू करणारे, बोर्डातच साठवलेले सॉफ्टवेअर) असेल, तर नवा प्रोसेसर बसवूनही संगणक सुरू होणार नाही. अशा वेळी दुसऱ्या, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर नवे बायोस कंपनीने सांगितलेल्या नावाने ठेवावे, तो पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या नेमून दिलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावावा, बोर्डाला पॉवर सप्लाय जोडावा आणि बायोस फ्लॅशबॅकचे (नवे बायोस भरण्याच्या सोयीचे) बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे. यासाठी प्रोसेसर किंवा रॅम लागत नाही. त्यामुळे प्रोसेसर घरी येण्याआधीच हे काम उरकता येईल. दिवा लुकलुकत असताना वीज जाऊ नये, म्हणून यूपीएस अवश्य वापरा.

वॉरंटी संपेपर्यंत खोके टाकू नका, आणि त्यावरील अनुक्रमांक बिलावर लिहिला आहे की नाही, हे आजच पाहा.