चूक नसताना माफी मागायची का?

"ताई, स्वतःला नाकारायचं म्हणजे चूक नसताना माफी मागायची का?"

मावशी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारून मोकळ्या झाल्या. मांडीवर रुमालात बांधलेलं जुनं पावतीपुस्तक होतं. पुढचा तासभर त्यांचा हात त्यावरून हलला नाही.

'माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा आणि आपला वधस्तंभ उचला' या येशूच्या वचनावरून निघणारा हा प्रश्न मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, समुपदेशन करताना मला सतत भेटतो. भावाभावांत, सासूसुनांत, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि कमिटीत. म्हणून मावशींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची गोष्ट इथे सांगते.

नगर जिल्ह्यातली मंडळी. कापणीच्या सणाला लोक आपलं पहिलं पीक देवापुढे आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी, कधी बोकड. उपासना झाली की आवारात लिलाव होतो. त्या वर्षी लिलावाचा हिशेब मावशींकडे होता. पुढच्या रविवारी महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी तो सगळ्यांदेखत वाचला, "२,८५० रुपये कमी आहेत" म्हणाल्या, कागदाची घडी घातली आणि खाली बसल्या. बास. चोरी हा शब्द कुणीच उच्चारला नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकला.

दोन महिन्यांनी उलगडा झाला. बोकड ज्याने घेतला त्याचे पैसे उधार राहिले होते आणि तशी नोंद पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर होती. पैसे आले, जमा झाले. पण ते मंडळीला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून चार वर्षं मावशींनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, घेतलं नव्हतं. भाकर आणि प्याला ज्या रविवारी असेल, त्या रविवारी त्या मुलीकडे जायच्या. मंडळीत बाकंसुद्धा वाटली गेली होती, खिडकीकडची यांची आणि दाराकडची त्यांची. त्यात जुनी राख उकरली गेली. मावशींचं घराणं अमेरिकन मिशनचं, सेक्रेटरीबाईंचं एसपीजी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, एसपीजी पुढे काही दशकांनी, आणि दोन्हींमधली ओढाताण पणज्यांच्या काळातली. आज दोघीही एकाच चर्चच्या सभासद. तरी भांडण पेटल्यावर "ते एसपीजीवाले असेच" हे वाक्य ओठांवर तयारच होतं.

मी मावशींना पहिल्यांदा एवढंच सांगितलं, "पैशांबद्दल माफी मागायची नाही. ती तुमची चूक नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. चार वर्षं सगळ्यांनी त्यांना उलटंच सांगितलं होतं. सोडून द्या, मोठेपणा घ्या, वधस्तंभ उचला.

या शेवटच्या सल्ल्याबद्दल मला तळमळून बोलायचं आहे, कारण त्याने माणसं मोडलेली मी पाहिली आहेत. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा वधस्तंभ" म्हणून परत पाठवतात, तेव्हा ते सुवार्तेच्या नावावर अन्याय करतात. तिला आधी सुरक्षित जागा हवी. ख्रिस्ताने आपला प्राण स्वतः होऊन दिला, कुणी तो हिसकावून घेतला नाही, असं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. दुसऱ्याच्या खांद्यावर वधस्तंभ ठेवायचा अधिकार त्याने कुणाला दिलेला नाही. आणि त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारल्यावर येशू गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं विचारतो. त्याच रात्री वधस्तंभाकडे निघालेला माणूस हे विचारतो. स्वतःला नाकारणं म्हणजे सत्य नाकारणं नव्हे, हे मला या प्रसंगाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मग नाकारायचं तरी काय?

तिसऱ्या भेटीत मी मावशींना विचारलं, "या चार वर्षांत तुम्ही त्यांच्याबद्दल काय काय बोललात?"

पावतीपुस्तकावरचा हात तेव्हा पहिल्यांदा हलला. रुमालाची गाठ सोडली, परत बांधली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्यांची मुलगी नांदत नाही म्हणून माहेरी आली ना, तेव्हा मी चार घरी बोलले. म्हटलं, देव बघतोय."

आणि रडल्या. पैशांच्या आळाबद्दल बोलताना त्या कधीच रडल्या नव्हत्या.

अन्याय झालेल्या माणसाला हे बघणं फार जड जातं. आपली बाजू खरी असली की त्या खरेपणाच्या आडोशाला आपण काय काय जमवत जातो, हे कळत नाही. मावशींना सोडायचं होतं ते हे साठवण. आपण खरे ठरलो हे सगळ्या मंडळीने एकदा कबूल करावं, आणि ते होईपर्यंत समोरच्या घरात काही वाईट घडलं तर मनातून बरं वाटावं, ही ओढ. लूकच्या नवव्या अध्यायात वधस्तंभ उचलण्याच्या वचनात "दररोज" हा शब्द आहे. मत्तय आणि मार्कच्या शुभवर्तमानांत त्या वचनात तो नाही. मी मावशींना तो वाचून दाखवला, कारण ही ओढ एका प्रार्थनेने जात नाही. सकाळी सोडली की संध्याकाळी परत येते.

त्यांना पटलं ते मात्र आजोबांच्या गोष्टीवरून. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. कुणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कुणी विश्वास कबूल केल्यावरच देणारे. दोघांनीही आपली पद्धत खोटी म्हटली नाही. दोन्ही पद्धती ठेवल्या आणि "आमचीच खरी" हा हट्ट तेवढा खाली ठेवला. मावशींचे आजोबा तेव्हा तिथे गेले होते. "आजोबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "आम्ही काहीच हरलो नाही, पण घरी येताना हलकं वाटत होतं."

आम्ही एक वाक्य ठरवलं आणि त्या ते वहीत लिहून एकट्याच गेल्या, कारण मत्तयाच्या अठराव्या अध्यायातही पहिलं पाऊल एकट्यानेच टाकायचं आहे. वाक्य असं: "तुमच्या लेकीबद्दल मी वाईट बोलले, ते पाप होतं, मला क्षमा करा." पुढे 'पण' जोडायचा नाही. पैशांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. तो पाळकांसमोर, पावतीपुस्तकासह, वेगळा.

सेक्रेटरीबाई दारातच उभ्या राहिल्या. ऐकून घेतलं, आत या म्हणाल्या नाहीत. मावशी घरी आल्या आणि त्यांनी मला फोन केला, "काही झालं नाही, ताई." मी विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय? थोडं थांबून म्हणाल्या, "भूक लागलीय."

पाळकसाहेबांनी पुढे जुना हिशेब दुरुस्त करून उपासनेत वाचला. सेक्रेटरीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. माफीचा शब्द त्यांनी अजून काढलेला नाही आणि मावशींनीही तो मागितलेला नाही.

गेल्या महिन्यात मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी असताना त्या प्रभुभोजनाच्या रविवारी आल्या. गीत सुरू झालं आणि त्यांना 'उपासना-संगीत' या गीतपुस्तकातलं पान सापडेना. पुढच्या बाकावरून एक हात मागे आला, पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि परत दिलं. हात कुणाचा, ते मावशींनी बांगड्यांवरून ओळखलं.