जुनी तेलाची पाइपलाइन गंजून फुटते तर आधी कळत कसं नाही?

कारण गंज बऱ्याचदा आतून लागतो. तेलासोबत थोडं पाणी आणि गाळ असतो, वेग कमी झाला की तो पाइपच्या तळाशी बसतो आणि त्याखाली बॅक्टेरियांमुळे लोखंड गुपचूप झिजत राहतं, बाहेरून पाइप अगदी ठणठणीत दिसतो. अलास्कात प्रुडो बे या तेलक्षेत्रात मार्च २००६ मध्ये हेच झालं, भोक अगदी छोटंसं आणि तेल सांडलं साधारण ८ लाख लिटर! गळती बरेच दिवस कळलीच नाही. अशा लाइनवरचे सेन्सर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं तेल मोजून फरक बघतात, फरक टक्काभराच्या आत असला की अलार्म गप्प.

उपाय आहे की, पाइपच्या आतून 'पिग' नावाचं यंत्र सोडतात, साधं पिग गाळ खरवडतं आणि स्मार्ट पिग चुंबकाने भिंत कुठे पातळ झालीय ते शोधतं. पण तिथे ही लाइन १९९८ नंतर पिगने साफच केली नव्हती, चौकशीत तसं समोरच आलं. बाहेरचा गंज मात्र कोटिंग आणि कॅथोडिक प्रोटेक्शनने (पाइपला हलका वीजप्रवाह देऊन गंज रोखायची पद्धत) बराच आटोक्यात राहतो, ते बंद पडलेलं नाही ना एवढं बघत राहावं लागतं.