एलसी_चेकआउट नुसतं -१५ देतं, वाचता येईल असा एरर मेसेज कसा मिळवायचा? आणि तो जपानीत दाखवायचा असेल तर?

प्रश्न वाचला आणि हात शिवशिवले. फ्लेक्सनेट ही सॉफ्टवेअरची लायसन्स सांभाळणारी सिस्टिम. तिचं चेकआउट, म्हणजे लायसन्स मागून घेणं, फसलं की तुमच्या हाती फक्त नंबर येतो, आणि सीनियर म्हणतो, "स्विच केस लिही, प्रत्येक नंबरसमोर एक वाक्य." लिहू नका. मी लिहिलं होतं.

२०११ची गोष्ट. पुण्यात एका डिझाइन सॉफ्टवेअरच्या टीममध्ये लायसन्सचा रॅपर, म्हणजे आमचा प्रोग्राम आणि फ्लेक्सनेट यांच्या मधला कोड, माझ्याकडे होता. एलसी_एरस्ट्रिंग हे फंक्शन एररचा जो मजकूर देतं तो सगळा मी डायलॉगमध्ये दाखवत होतो. रिव्ह्यूत लीडने तो काढायला लावला. "कस्टमरला एवढं रामायण कशाला? नंबर दाखव, बाकी सपोर्ट बघेल." मी नवीन होतो, काढला.

चार महिन्यांनी भोसरीच्या एका टूलरूममधून फोन आला. वीज गेली, सर्व्हर परत चालू झाला आणि तेव्हापासून आठही सीट (एकावेळी वापरायची लायसन्स) बंद. स्क्रीनवर आमचं वाक्य: 'लायसन्स सर्व्हरशी संपर्क होत नाही, -१५'. सपोर्टने सर्व्हरच बंद आहे असं धरलं आणि दोन दिवस लायसन्स मॅनेजर काढून परत टाकत बसले. तिसऱ्या दिवशी मी बाइक काढली. तिथे एका मशीनवर फ्लेक्सएलएम_डायग्नॉस्टिक्स हे व्हेरिएबल ३ करून प्रोग्राम चालवला. लॉगमध्ये -१५च्या शेपटाला सिस्टिम एरर होता: १००६०. तिथे १००६१ असता, तर मशीन सापडतंय पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही, असा अर्थ. १००६० म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, बहुतेक वेळा वाटेत फायरवॉल. आणि होतंही तसंच. २७००० हा पोर्ट उघडा होता, पण तो एलएमजीआरडीचा, म्हणजे फ्लेक्सनेटच्या मुख्य सर्व्हर प्रोग्रामचा. लायसन्स प्रत्यक्ष देणाऱ्या व्हेंडर डीमन या दुसऱ्या प्रोग्रामचा पोर्ट कोणी पक्का केलाच नव्हता. आधीचा पोर्ट कोणीतरी नेटस्टॅट कमांडमध्ये बघून फायरवॉलमध्ये उघडून ठेवलेला, रीस्टार्टनंतर डीमनने वेगळाच उचलला. लायसन्स फाइलच्या व्हेंडर ओळीत पोर्ट लिहिला, फायरवॉलमध्ये उघडला, दहा मिनिटांत काम झालं. मालकांनी चहा पाजला, पण त्याआधी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो १००६० एलसी_एरस्ट्रिंगमध्ये येतोच. आम्हीच कापला होता.

तर, चेकआउट फसल्याबरोबर, लायसन्सचा दुसरा कुठलाही कॉल करण्याआधी, चेकआउटला दिलेल्या त्याच जॉब हँडलवर एलसी_एरस्ट्रिंग बोलवा आणि स्ट्रिंग स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करा. फ्री करू नका, ती मेमरी लायब्ररीची. एलसी_एरटेक्स्टला नंबर दिला की त्या नंबरचं ठरलेलं वाक्य मिळतं, म्हणजे तुमच्या सीनियरची स्विच केस, आयती लिहिलेली. जपानी भाषांतराचं विचारलंय त्यासाठी एलसी_एर_इन्फो आहे, त्यात माहितीचे सुटे तुकडे मिळतात. मी स्वतः कधी वापरलं नाही.

हां, -४ म्हणजे सगळ्या सीट वापरात आणि -१० म्हणजे मुदत संपली, तिथे साधं वाक्य पुरतं. शिवाय पूर्ण मजकुरात लायसन्स फाइलचा पाथ असतो, तो सगळ्यांना दाखवायचा नसेल तर लॉगमध्ये टाका. लीडने हे कारण दिलं असतं तर मी ऐकलंही असतं. ते 'रामायण' म्हणाले.

पुढच्या रिलीजला मी मजकूर परत घातला आणि रिव्ह्यूअर म्हणून मुद्दाम त्यांचंच नाव टाकलं. त्यांनी 'ओके' एवढंच लिहिलं. भोसरीचा विषयही काढला नाही.