मेट्रो ट्रेन ऑपरेटरचं प्रशिक्षण कसं असतं? गाड्या चालकाविना धावणार असतील तर या नोकरीला भविष्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, ट्रेन ऑपरेटर व्हायचंय, पण मामा म्हणतात, "गाडी आपोआप चालते, नुसती बटण दाबायची नोकरी, पाच वर्षांत तीही जाईल." आधी मामांच्या वाक्याचाच समाचार घेतो. हेच वाक्य मनात धरून बरीच पोरं प्रशिक्षणाला येतात आणि पहिल्या खऱ्या बिघाडात गांगरतात.

गाडी आपोआप चालते हे खरं. एटीओ, म्हणजे स्वयंचलित मोडमध्ये ऑपरेटर दरवाजे बंद करतो आणि स्टार्ट देतो. ही बटणं सहसा दोन असतात आणि एकदम दाबावी लागतात, म्हणजे चुकून हात पडून गाडी सुटायला नको. पुढे वेग धरणं, वेगमर्यादा पाळणं, पुढच्या फलाटावर खुणेवर थांबणं हे संगणक करतो. ऑपरेटरचा पगार या भागासाठी नसतोच. तो असतो गाडी अडली की पुढच्या दोन-तीन मिनिटांसाठी.

सगळ्यात जास्त वेळा होणारा बिघाड घ्या: दरवाजा. सहा डब्यांच्या गाडीला एका बाजूला 24 दरवाजे असतात. ते सगळे पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याचा विद्युत मार्ग जुळला नाही, तर मोटरना शक्ती मिळतच नाही. सकाळी साडेनऊची गर्दी, तुम्ही दरवाजे बंद केले, 23 मिटले, एक मिटेना. त्या दरवाज्याचा कंट्रोलर अडथळा जाणवला की पाकळ्या मागे घेतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि ठरावीक प्रयत्नांनंतर सोडून देतो. केबिनमधल्या पडद्यावर तो दरवाजा लाल दिसतो.

आता क्रम. एकदा सगळे दरवाजे उघडून पुन्हा बंद करायचे, सोबत मराठीत स्पष्ट घोषणा. बऱ्याचदा बॅगेचा पट्टा किंवा ओढणीच अडकलेली असते आणि एवढ्यानं काम होतं. नाही झालं तर ओसीसीला, म्हणजे सगळ्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाला (बोलीत 'कंट्रोल') कळवायचं: गाडी क्रमांक, स्टेशन, डबा, दरवाजा, चार शब्दांत. मास्टर कंट्रोलर, म्हणजे वेग आणि ब्रेकचा दांडा, आणीबाणीच्या ब्रेकवर, किल्ली आणि हातातला रेडिओ बरोबर, केबिन कुलूपबंद, मग गर्दीतून त्या डब्यापर्यंत. खालच्या खाचेत खडा, बाटलीचं झाकण, गुटख्याची पुडी आहे का बघायचं. काढलं, तर दरवाजा बहुधा सुधारतो. नाहीतर पाकळ्या हातानं ओढून मिटवायच्या, किल्लीनं तो दरवाजा यंत्रणेतून वेगळा करायचा, वरचा दिवा लागला का बघायचं, आणि मग दोन्ही हातांनी पाकळ्या उघडून बघायच्या. उघडता कामा नये. "हा दरवाजा बंद आहे" असा स्टिकर लावून परत केबिनमध्ये. विद्युत मार्ग जुळल्याचा दिवा आला की कंट्रोलला सांगून निघायचं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली, चुकीच्या डब्यात जाणं. पडद्यावरचा क्रम कुठल्या टोकाकडून मोजलाय आणि फलाट आपल्या कुठल्या हाताला आहे याचा गोंधळ होतो. दुसरी, हातानं तपासायचं राहून जाणं. तिसरी सगळ्यात गंभीर. केबिनमध्ये दरवाज्याचं इंटरलॉक, म्हणजे दरवाजा उघडा असताना गाडी सुटू न देणारी अडवणूक, बाजूला सारणारा एक सीलबंद स्विच असतो. मागच्या गाड्या खोळंबल्यात, कंट्रोल विचारतंय, अशा वेळी दरवाजा डोळ्यांनी न बघता त्या स्विचकडे हात जाणं म्हणजे उघड्या दरवाज्याची गाडी ताशी 80 किलोमीटरनं उन्नत मार्गावरून पळवण्याची तयारी. प्रशिक्षणाचा मोठा भाग हा हात आवरायला शिकवण्यात जातो. मामांना हे जरूर सांगा.

प्रशिक्षणाचे टप्पे साधारण सगळीकडे सारखे आहेत. आधी वर्ग: 2002 चा मेट्रो रेल्वे संचालन आणि देखभाल कायदा, जनरल रूल्स, सिग्नलिंग, गाडीची विद्युत आणि हवेच्या ब्रेकची रचना. डिप्लोमावाल्यांना गाडी लवकर समजते, नियम जड जातात, बीएस्सीवाल्यांचं उलट. मग सिम्युलेटर, तिथे बिघाड मुद्दाम घडवले जातात. मग डेपोत खरी गाडी: तयार करणं, ब्रेकची चाचणी, गाडीला गाडी जोडून ओढणं. मग प्रवासी नसलेल्या वेळी मुख्य मार्गावर, आणि शेवटी अनुभवी ऑपरेटरच्या नजरेखाली प्रवाशांसह ठरावीक किलोमीटर. लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षेनंतर सक्षमता प्रमाणपत्र. ते त्या मार्गिकेपुरतं आणि त्या प्रकारच्या गाडीपुरतं असतं. मार्गिका बदलली की मार्गओळख पुन्हा. किती महिने, ते जाहिरात आणि तुकडीवर ठरतं, त्यामुळे आकडा धरून बसू नका.

हाताने चालवणं इथे नीट शिकून घ्या. एटीपीच्या, म्हणजे वेगमर्यादा ओलांडली की ब्रेक लावणाऱ्या संरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली हाताने चालवण्याचा मोड वेगळा आणि एटीपीची साथ सुटल्यावरचा मर्यादित मोड वेगळा. त्या दुसऱ्यात वेग बहुतेक ठिकाणी 25 किलोमीटरवर बांधलेला असतो आणि समोरचा मार्ग मोकळा आहे की नाही हे तुमच्या डोळ्यांवर. आणीबाणीच्या ब्रेकनं वेग प्रत्येक सेकंदाला 1.3 मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असं धरलं, तर ताशी 80 वरून थांबायला कोरड्या रुळावर सुमारे 190 मीटर लागतात. ओल्या रुळावर जास्त. आपल्याकडे उन्नत मार्गांवर जूनची पहिली भुरभुर मुसळधार पावसापेक्षा वाईट, कारण रुळावरची धूळ आणि तेलाचा थर धुऊन जात नाही, नुसता भिजतो. चाकं घसरतात, गाडी खुणेच्या पुढे जाऊन थांबते, आणि फलाटावर सरकते दरवाजे असतील तर ते गाडीच्या दरवाज्यांशी जुळत नाहीत. अशा दिवशी ब्रेक लवकर आणि हलका धरायचा. हे वाचून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं.

आता एक गोष्ट जरा तिखट सांगतो. "मेट्रो पायलट डिप्लोमा" म्हणून लाखभर रुपये घेणारे खासगी क्लास दिसतील. एक रुपयाही देऊ नका. हे प्रशिक्षण निवड झाल्यावर मेट्रो स्वतः देते, बहुतेक ठिकाणी विद्यावेतन देऊन, आणि सक्षमता प्रमाणपत्रही तिचंच चालतं. तुमचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पुरेसा आहे. स्टेशन कंट्रोलर/ट्रेन ऑपरेटर पदाला तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा मागतात, काही ठिकाणी भौतिक-रसायन-गणितातली बीएस्सीही चालते. नावावरून लक्षात आलं असेल, अनेक मेट्रोंत स्टेशन आणि गाडी हा एकच संवर्ग आहे. काही महिने केबिन, काही महिने स्टेशनचं पॅनेल. फक्त गाडीच चालवायची हौस असेल तर रेल्वेचा सहाय्यक लोको पायलट हा वेगळा रस्ता आहे.

भविष्याबद्दल. दिल्लीत मजेंटा मार्गिकेवर 28 डिसेंबर 2020 ला चालकाविना गाड्या सुरू झाल्या, पॅरिसची 14 नंबरची मार्गिका तर 1998 पासून तशीच आहे. तेव्हा मामा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण दिल्लीतही सुरुवातीला गाडीत प्रशिक्षित माणूस ठेवावाच लागला. आपल्या मुंबईच्या 2ए आणि 7 या मार्गिकांवरच्या गाड्या चालकाविना धावण्याच्या क्षमतेच्या आहेत, तरी 2022 मध्ये सुरू झाल्या त्या ऑपरेटर घेऊनच. केबिन रिकामी झाली तरी अडकलेला दरवाजा स्वतःहून सुटत नाही. मेलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ढकलून न्यायला, भुयारात थांबलेल्या गाडीतून माणसं योग्य दिशेनं, म्हणजे ताज्या हवेच्या बाजूनं चालवत न्यायला, गाडी माहीत असलेला माणूस लागतोच. तो केबिनमधून उठून डब्यात फिरेल नाहीतर ओसीसीत बसेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: ऑपरेटर म्हणून निवृत्त व्हायच्या हिशेबानं येऊ नका, ओसीसीत ट्रॅफिक कंट्रोलर व्हायच्या हिशेबानं या. केबिनमध्ये काढलेली वर्षं तिथे सोन्यासारखी उपयोगी पडतात, कारण रेडिओवरच्या घाबऱ्या आवाजाला पुढचं पाऊल काय ते सांगता येतं. क्रू कंट्रोलर (ऑपरेटरांच्या पाळ्या लावणारा), प्रशिक्षक आणि पुढे स्टेशन मॅनेजर हेही दरवाजे आहेत. ज्यांनी नुसती बटणं दाबली ते मात्र आहे तिथेच राहतात.

पगाराचा आकडा विचारण्याआधी जाहिरातीत एक बघा: नेमणूक मेट्रोच्या स्वतःच्या वेतनश्रेणीत आहे की कंत्राटदारामार्फत एकत्रित मानधनावर. श्रेणीत असेल तर मूळ वेतनावर औद्योगिक महागाई भत्ता मिळतो आणि तो दर तिमाहीला बदलतो. मानधनावर तसं काही नाही. काम तेच, केबिन तीच, पण दहा वर्षांनी फरक प्रचंड पडतो. बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची रक्कम आणि मुदतही त्याच कागदावर वाचा.

थोडं उशिरा सांगतोय, पण पाळ्या सोप्या नाहीत. पहिल्या गाडीचा माणूस पहाटे चारच्या आत घराबाहेर पडलेला असतो, श्वासतपासणी दिल्याशिवाय किल्ली मिळत नाही, दिवाळी-गणपतीला रजेची आशा धरू नये. आणि लेखी परीक्षेत वर आलेले कितीतरी जण पुढच्या दोन चाळण्यांत गळतात. एक, सायको टेस्ट: स्मरण, एकाग्रता, सूचना पाळणं, नजरेनं अंतर-खोलीचा अंदाज. रेल्वेत तर या प्रत्येक भागात वेगळं किमान गुणांकन लागतं, एकात जास्त मिळवून दुसऱ्याची भर निघत नाही. दुसरी, डोळे. रंगांधळेपणा असेल तर तिथेच थांबावं लागतं, आणि लेसिक शस्त्रक्रिया झालेल्यांना अनेक जाहिराती थेट अपात्र ठरवतात. त्यामुळे चष्मा घालवण्यासाठी घाईनं लेसिक करू नका. फॉर्म भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा (रंग ओळखण्याची) चाचणी आणि चष्म्याशिवायची दृष्टी तपासून घ्या, आणि तो कागद जाहिरातीच्या वैद्यकीय परिशिष्टाशी ओळीनं ताडून बघा.