मोटार नाही, पाती नाहीत. मग स्टॅटिक मिक्सर मिसळतो कसा?

तुम्ही विचारलंय की स्टॅटिक मिक्सर म्हणजे पाइपात घट्ट बसवलेल्या पिळदार पट्ट्या, त्याच्या आत काहीच फिरत नाही, मग द्रव मिसळतात कसे, आणि तो बसवूनही केमिकल कमीजास्त का लागतं. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, दोन्ही अनुभवलंय.

उद्यमनगरात दोन भागांचा इपॉक्सी गोंद मिळतो, त्याच्या नळीसारख्या नोझलमध्ये हाच मिक्सर असतो. वापरून घट्ट झालेलं नोझल टाकू नका, हॅक्सॉने उभं चिरून बघा. सुरुवातीला काळा-पांढरा असे दोन जाड थर, पुढे चार, मग आठ, आणि टोकाला नुसता राखाडी रंग. आतली प्रत्येक पट्टी अर्धा वेढा पिळलेली असते. पुढची उलट्या पिळाची आणि आधीच्या पट्टीच्या कडेला काटकोनात बसवलेली. त्यामुळे आलेला प्रवाह दरवेळी नव्याने दुभागतो. दहा पट्ट्यांत 1024 थर होतात. एक इंची पाइपात एक थर केसापेक्षाही बारीक!

हे झालं घट्ट द्रवाचं. पाण्यासारखा पातळ द्रव जोरात जात असेल तर तो मुळातच खळबळत असतो, तिथे दोनचार पट्ट्याही पुरतात.

फुकट मात्र काही नाही. मिसळायची ताकद पंपच देतो. घट्ट द्रवाला तेवढ्याच लांबीच्या रिकाम्या पाइपाच्या सहासात पट दाब लागतो.

आता तुमची अडचण. आमच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये, अ‍ॅसिडचा डोस दिल्यावर पीएच सारखा वरखाली व्हायचा. सगळ्यांनी मिक्सरला शिव्या घातल्या. मी दोनदा खोलला, आत साधा गाळही नव्हता. मग अ‍ॅसिड मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाशी घड्याळ घेऊन बसलो: मिनिटाला 30 स्ट्रोक, म्हणजे दर दोन सेकंदांना अ‍ॅसिडचा एक घोट. पाणी सेकंदाला साधारण एक मीटर जाणारं, म्हणजे दोन घोटांत दोन मीटरचं अंतर. आणि आमचा मिक्सर जेमतेम अर्धा मीटर! हा गडी पाइपाच्या आडव्या छेदात झकास मिसळतो. मागचं पाणी पुढच्यात मिसळणं त्याला जवळपास जमतच नाही. ते काम टाकीचं.

स्ट्रोकची लांबी कमी करून संख्या वाढवली, पंपाच्या पुढे धक्के शमवणारा डॅम्पनर बसवला, पीएच ताळ्यावर आला. जादा पट्ट्यांचं कोटेशन मागवण्याआधी तुमच्या पंपाचे स्ट्रोक मोजून बघा.