राउटर बदलला आणि रिले उघडा पडला

प्रश्न : ताई, आमच्या सूतगिरणीचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरवर चालतो. साठेक खाती आहेत. गेल्या महिन्यात राउटर बदलला आणि चार दिवसांत रांगेत ३८ हजार मेल साचले, सगळे अनोळखी पत्त्यांवर जाणारे. कापसाच्या व्यापाऱ्यांना आम्ही पाठवलेले खरे मेल मात्र परत येताहेत. मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे सर्व्हर पासवर्डशिवाय ज्यांचे मेल पुढे पाठवतो त्या पत्त्यांच्या यादीत, फक्त ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ आहे, बाहेरच्या कुणालाच परवानगी नाही. मिनिटाला ३० मेलची मर्यादाही घातली होती, तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. लॉगमध्ये सगळे मेल १९२.१६८.१.१ वरून आलेले दिसतात. कुठल्या तरी पीसीत व्हायरस शिरला असावा. सगळे पीसी फॉरमॅट करायला घेऊ का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फॉरमॅटचं काम आधी थांबवा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. १९२.१६८.१.१ हा पीसी नाही, तो तुमचा नवा राउटर असणार. एकदा त्याचा पत्ता ताडून बघा.

बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या सर्व्हरकडे वळवताना राउटरने पाठवणाऱ्याचा मूळ पत्ता तसाच ठेवायला हवा. तुमच्या राउटरवर मास्करेड, म्हणजे मूळ पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता लावणं, हा नियम आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीपुरता न ठेवता दोन्ही दिशांना लागलेला दिसतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही आलं तरी पोस्टफिक्सला ते राउटरकडून, म्हणजे ऑफिसातूनच आल्यासारखं वाटतं आणि तो परक्यांचे मेल पुढे पाठवत राहतो. यालाच उघडा रिले म्हणतात. तुमचा नियम बरोबर होता, पण त्याच्यापर्यंत खोटा पत्ता पोचत होता. मर्यादाही त्यामुळेच चालली नाही, कारण मायनेटवर्क्समधल्या पत्त्यांना पोस्टफिक्स ती मर्यादा मुळात लावतच नाही.

तरी एक खात्री करून घ्या. त्या मेलच्या लॉगमधल्या ओळींत 'सॅसल युजरनेम' आणि पुढे कुणाचं नाव आहे का ते बघा. नाव असेल तर कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेलाय आणि इलाज वेगळा आहे. नसेल तर राउटरच.

आता कामाला लागा. रांग सरसकट पुसू नका, तिच्यात तुमच्या व्यापाऱ्यांचे मेलही अडकलेत. पोस्टफिक्सच्या 'पोस्टसुपर' या कमांडला '-एच ऑल' (एच लहान लिपीतला) देऊन सगळी रांग थोपवून धरा. मग मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८, म्हणजे सर्व्हर स्वतः, एवढंच ठेवा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. राउटर दुरुस्त व्हायची वाट बघू नका, बाहेरच्यांसाठी दार याच क्षणी बंद होतं. त्यानंतर पाठवणाऱ्याचा पत्ता बघून कचरा काढा आणि आपले मेल मोठ्या 'एच'ने सोडा.

मायनेटवर्क्स पुन्हा पूर्वीसारखं करू नका, हे मी हात जोडून सांगते. साठही जणांना ५८७ पोर्टवर पासवर्डने मेल पाठवायला लावा. एक दिवस सगळे कुरकुरतील, पण उद्या कुणी पुन्हा राउटर बदलला तरी रिले उघडा पडणार नाही. २५ पोर्टवर लॉगिनची सोय बंदच ठेवा, तो दुसऱ्या सर्व्हरांनी तुमच्याकडे मेल आणून देण्यासाठी आहे. नियमाचा गाभा एवढाच : आपल्या घरचं पत्र कुणीही आणून द्यावं, पण परक्या घरी पोचवायचं असेल तर देणारा आपला आहे हे पटायला हवं. हे पटवायला ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता पुरत नाही. पोस्टफिक्सवाल्यांनीही २०१५ च्या ३.० आवृत्तीत आजूबाजूच्या सगळ्या नेटवर्कवर आपोआप विश्वास टाकणं सोडलं. तेव्हापासून काही लिहिलं नसेल तर सर्व्हर फक्त स्वतःला आपला मानतो.

तुमच्या जागी मी बसलेली आहे. १९९९ मध्ये पुण्यातल्या एका ऑफिसात सेंडमेल या मेल सर्व्हरची जुनी आवृत्ती माझ्या ताब्यात होती. तेव्हाच्या जुन्या सर्व्हरांत कुणाचाही मेल कुणाकडेही पुढे पाठवणं ही रीतच होती, शेजारधर्म समजला जायचा. १९९८ च्या ८.९ आवृत्तीपासून सेंडमेलने रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली होती, पण मी अपग्रेड पुढे ढकलत राहिले. एका सोमवारी सकाळी ६४ केबीपीएसची लाइन तुंबलेली, डिस्क भरलेली आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांची संतापलेली पत्रं माझ्या नावावर. त्या प्रत्येकाला मी उत्तर लिहिलं, तीन दिवस लागले.

तुमचे खरे मेल परत येताहेत, म्हणजे कचरा पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या ब्लॅकलिस्टमध्ये तुमचं नाव चढलं असणार. तिथून नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी करा. भोक बुजायच्या आधी केलात तर नाव पुन्हा चढतं आणि पुढचा अर्ज जड जातो. अर्जाआधी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून टेलनेट या कमांडने २५ पोर्टला जोडून परक्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा. घरच्या इंटरनेटवर २५ बऱ्याचदा बंद असतो, तिथली चाचणी धरू नका. '५५४' किंवा '४५४' आणि पुढे 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं की अर्ज पाठवा.

प्रश्न : आमचा जुना स्कॅनर स्कॅन केलेलं थेट मेल करतो, पण त्यात पासवर्ड टाकायची सोयच नाही. त्याच्यासाठी ऑफिसचं सगळं नेटवर्क मोकळं सोडावं लागेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. स्कॅनरला कायमचा आयपी द्या आणि मायनेटवर्क्समध्ये तेवढाच एक पत्ता /३२ लावून लिहा. पण वरचं इचलकरंजीचं पत्र वाचून तो पत्ता राउटरचा नाही ना, हे आधी बघा.