रद्दीत गेलेल्या बस

कोल्हापूरच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा सतरा वर्षांचा, स्वमग्न. बोलणं मोजकं, पण हात चित्राचा. नणंदेनं मुलीच्या लग्नात ‘त्याला आणू नका’ असं सांगितलं, ते मनाला लागलंय. आता शाहू स्मारक भवनात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचंय, म्हणजे नातेवाईकांचे डोळे उघडतील. भरवू का, असं त्या विचारतात.

ताई, नणंदेचं चुकलंच. तिला तोंडावर तसं सांगा आणि विषय सोडा. मी अडकलेय ती तुमच्या एका ओळीवर. ‘रंकाळ्याची चार चित्रं फ्रेम केली, केएमटीच्या बसचा गठ्ठा होता तो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला, सारखं तेच तेच.’

आणि रंकाळा कुणाचा? क्लासच्या सरांनी समोर फोटो ठेवला, पाण्यातली सावलीही नीट करून दिली, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे भिंतीवर सर लागलेत आणि रद्दीत तुमचा पोरगा गेला.

एकाच गोष्टीत बुडून जाणं या मुलांच्या स्वभावातच असतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं? आणि कोल्हापूरकरांना त्याचं वावडं कधीपासून? आपले चित्रकार आबालाल रहमान कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, त्याचा आपल्याला केवढा अभिमान.

तुमचा मुलगा बसच्या खिडक्या मोजून काढतो. नंबर चुकत नाही. एका बसच्या मागच्या काचेला गेलेला तडासुद्धा त्यानं काढला होता म्हणता. तो तडा इतक्या माणसांत आणखी कुणाला दिसला असेल? नणंदेनं त्याला मांडवाबाहेर ठेवलं, तुम्ही त्याच्या बस घराबाहेर काढल्या. लागेल हे, ठाऊक आहे मला. पण ते पोर रोज तुमच्यासमोर आपलं मन कागदावर ठेवत होतं हो!

प्रदर्शन आत्ता नको. या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन तो म्हणेल त्या स्टॉपवर त्याच्याबरोबर जा. हॉर्नचा त्रास होत असेल तर कानावर हेडफोन असू देत. त्याचं बघून होईपर्यंत थांबा, मध्ये काही सुचवू नका. घरी येऊन तो जी बस काढेल ती, सरांचा हात न लागता, रंकाळा उतरवून त्याच खिळ्याला लावा. खाली सही त्यालाच करू द्या, वेडीवाकडी आली तरी.